जाहिरातीतली पात्रता पूर्ण बसत नाही? अर्ज कुठे करायचा, कुठे नाही आणि कसा करायचा

समजा ही जाहिरात तुमच्यासमोर आहे. "अकाउंट्स एक्झिक्युटिव्ह पाहिजे, भोसरी एमआयडीसी. एमकॉम किंवा एमबीए फायनान्स. मॅन्युफॅक्चरिंग कंपनीतला किमान ३ वर्षं अनुभव. टॅली प्राइम, जीएसटी, टीडीएस, अॅडव्हान्स्ड एक्सेल आवश्यक. एसएपी येत असल्यास प्राधान्य." आणि तुम्ही बीकॉम, दोन वर्षं एका ट्रेडिंग फर्ममध्ये टॅलीवर बसलेले, एसएपी (मोठ्या कंपन्यांचं हिशेब-स्टॉकचं सॉफ्टवेअर) फक्त नावाने माहीत.

बहुतेक जण इथेच पुढची जाहिरात उघडतात. काही जण उलटे, काही वाचायचंच नाही, दिसेल तिथे अप्लाय दाबत सुटायचं आणि महिन्याने म्हणायचं की पोर्टलवर काही अर्थ नाही, सगळं ओळखीवर चालतं. माझं काम भरतीचं आहे, पुणे-चाकण पट्ट्यात, आणि या दोन्ही प्रकारची माणसं रोज बघायला मिळतात. खरं सांगायचं तर जाहिरातीतल्या प्रत्येक अटीचं वजन सारखं नसतं. काही अटी कायद्याने आलेल्या असतात, काही नियमाने, काही नुसत्या गर्दी कमी करायला टाकलेल्या, आणि काही चक्क जुन्या जाहिरातीवरून कॉपी-पेस्ट झालेल्या. तुमच्याकडे नसलेली अट यातली कोणती, हे आधी ठरवायचं. बाकी सगळं त्यानंतर.

आधी बघा, कायदा आडवा येतोय का

काही कामं अशी आहेत की तिथे कागद नसेल तर मालकाची कितीही इच्छा असली तरी तो तुम्हाला घेऊ शकत नाही. औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट म्हणून बसायचं तर फार्मसी कायदा १९४८ प्रमाणे नोंदणी लागते, म्हणजे डीफार्म किंवा बीफार्म आणि वर कौन्सिलचं रजिस्ट्रेशन. नर्सिंगला तसंच, जीएनएम किंवा बीएस्सी नर्सिंग आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी. पहिली ते आठवीच्या शिक्षकाला डीएड-बीएडच्या जोडीला टीईटी. कारखान्यात सेफ्टी ऑफिसर व्हायचं तर इंडस्ट्रियल सेफ्टीचा मान्यताप्राप्त डिप्लोमा, कारण ते पदच कारखाने कायदा १९४८ मधून आलेलं आहे. बॉयलर अटेंडंट, इलेक्ट्रिकल सुपरवायझर, हेवी गाडीचा ड्रायव्हर, या सगळ्यांना लायसन्स हवंच.

इथे कव्हर लेटर कितीही भारी लिहिलं तरी उपयोग शून्य. पण त्याच जागेच्या आजूबाजूला दुसरी पदं असतात तिकडे बघा. मेडिकल स्टोअरमध्ये बिलिंग आणि स्टॉकचं काम, हॉस्पिटलमध्ये टीपीए डेस्क (इन्शुरन्सची कागदपत्रं बघणारा, ज्याच्यासाठी बऱ्याच हॉस्पिटलांना कुठलाही पदवीधर चालतो), कारखान्यात सेफ्टी ऑफिसरच्या हाताखाली रेकॉर्ड ठेवणारा माणूस. तिथे शिरून मग डिप्लोमा करणारे भरपूर आहेत.

परदेशाचं एका वाक्यात सांगतो. व्हिसाच्या प्रकारालाच डिग्री जोडलेली असेल, जसं अमेरिकेच्या एच-वन-बीला असते, तर कंपनी राजी असून भागत नाही.

सरकारी भरती: इथे "बघू, करून टाकू" नको

सरकारी जाहिरातीत शैक्षणिक अर्हता म्हणजे अर्हता. अर्जाच्या शेवटच्या तारखेला ती तुमच्या हातात पाहिजे, निकाल नंतर लागला तर चालत नाही, आणि सुप्रीम कोर्टाने हे १९९० च्या दशकापासून वेगवेगळ्या निकालांत पुन्हा पुन्हा सांगितलेलं आहे. परीक्षा दिली, मेरिटमध्ये नाव आलं, आणि कागदपत्र तपासणीला बाहेर, असे लोक प्रत्येक भरतीत असतात. २०२३ च्या तलाठी भरतीला खुल्या वर्गाची फी १००० रुपये होती, म्हणजे उगाच नशीब अजमावायचं म्हटलं तरी खिशाला चाट आहेच.

पण सवलत कुठे आहे ते वाचायचं मात्र सोडू नका, कारण इथे उलटी चूक जास्त होते. लोक पात्र असून फॉर्म भरत नाहीत. उदाहरणार्थ संगणक अर्हता. एमएस-सीआयटी झालेलं नाही म्हणून कित्येक जण थांबतात, पण बऱ्याच पदांच्या नियमांत ती नेमणुकीनंतर २ वर्षांत मिळवायची मुभा असते. राज्यसेवेच्या पूर्व परीक्षेला पदवीच्या शेवटच्या वर्षाला असलेल्यांना बसता येतं, पुढच्या टप्प्याच्या अर्जाआधी मात्र पदवी पूर्ण पाहिजे. टायपिंगचं उलट आहे. लिपिक-टंकलेखकाला मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्द प्रति मिनिट म्हटलं की ते प्रमाणपत्र लागतंच, "माझा स्पीड आहे हो, सर्टिफिकेट नाही" हे तिथे चालणार नाही.

आणखी एक शब्द शोधायचा तो म्हणजे "समकक्ष". मुक्त विद्यापीठाची पदवी, जुन्या नावाचा डिप्लोमा, दुसऱ्या राज्याचं बोर्ड, असं काही असेल तर समकक्षतेचा शासन निर्णय आहे का बघा आणि त्याची प्रिंट फाइलला लावून ठेवा. तपासणी करणाऱ्या टेबलावरच्या माणसाला ते माहीत असेलच असं नाही, आणि तिथे वाद घालत बसण्यापेक्षा कागद पुढे केलेला बरा.

सरकारीचं एवढंच. आता जिथे खरी जागा आहे तिकडे जाऊ, म्हणजे खासगी.

खासगी जाहिरात नीट वाचायची कशी

भोसरीचीच जाहिरात घ्या. एमकॉम किंवा एमबीए हे का लिहिलंय? माझा अंदाज विचाराल तर आधी त्या खुर्चीवर जो होता तो एमकॉम होता, तो सोडून गेला, आणि एचआरने त्याच्या वेळची जाहिरात परत टाकली. असं फार होतं. कामाचं वर्णन वाचा, त्यात पर्चेस एंट्री, जीएसटी रिटर्न, पार्टी लेजर, बँक रिकन्सिलिएशन असं असेल तर त्यातल्या एकाही कामाला एमकॉम लागतच असं नाही. पण वर्णनात कॉस्टिंग, बजेट, कर्जासाठी बँकेला द्यायचा सीएमए डेटा असं असेल तर त्यांना खरंच वरच्या तयारीचा माणूस हवाय.

म्हणून एक काम करा. कागद घ्या, मधोमध रेघ मारा. डावीकडे जाहिरातीतली कामं लिहा, उजवीकडे त्यातलं तुम्ही प्रत्यक्ष केलेलं काय ते. डिग्री वगैरे आत्ता विसरा. डावीकडची निम्म्याहून जास्त कामं तुम्ही केलेली असतील, किंवा दोन-तीन आठवड्यांत हातात बसतील अशी असतील, तर अर्ज करा. कामंच कळत नसतील तर डिग्री असूनही करू नका.

मग शब्द बघा. "आवश्यक", "फक्त हेच अर्ज करा", "कंपल्सरी" म्हणजे ते ठाम आहेत. "प्राधान्य", "असल्यास उत्तम", "किंवा समतुल्य अनुभव" म्हणजे दार किलकिलं आहे. एसएपीला प्राधान्य लिहिलंय, म्हणजे नसलं तरी विचार होतो. ही गोष्ट समजत नाही म्हणून कितीतरी चांगली मुलं-मुली मागे राहतात, विशेषतः मुली, त्या जाहिरात अटी-शर्तींच्या करारनाम्यासारखी वाचतात.

तिसरं, जाहिरात किती जुनी आहे आणि परत परत येतेय का. तीच जागा महिन्याभरात दुसऱ्यांदा दिसली तर बहुधा त्यांना हवा तसा माणूस हव्या त्या पगारात मिळत नाहीये, आणि अशा वेळी अटी सैल होतात. (दुसरी शक्यता अशी की लोक टिकत नाहीयेत. ते मुलाखतीत विचारून घ्या, "आधीचे का सोडून गेले" असं थेट नको, "ही जागा नवीन आहे का रिप्लेसमेंट" असं विचारायचं.)

चौथी गोष्ट करायला दहा मिनिटं लागतात तरी कोणी करत नाही. लिंक्डइनवर त्या कंपनीचं पान उघडा, तिथे त्याच हुद्द्यावर काम करणारी माणसं शोधा, आणि त्यांचं शिक्षण बघा. चारातले दोन जण साधे बीकॉम निघाले तर तुम्हाला उत्तर मिळालं. सगळे सीए इंटर निघाले तर तेही उत्तरच आहे.

अनुभवाच्या वर्षांचं वेगळं असतं. ३ मागितली आणि २ आहेत तर बिनधास्त करा. ३ मागितली आणि तुम्ही फ्रेशर, तर इंटर्नशिप, सीएच्या ऑफिसमधलं काम, आर्टिकलशिप, अप्रेंटिसशिप हे सगळं मोजा, अप्रेंटिस कायदा १९६१ खाली केलेलं वर्ष हा अनुभवच आहे आणि त्याचं सर्टिफिकेट मिळतं. ८ वर्षं मागितली आणि तुमची २, तर सोडा, तिथे डिग्री-अनुभवाचा प्रश्न नसून त्यांना टीम सांभाळणारा माणूस हवाय.

टक्केवारीची अट, म्हणजे दहावीपासून सगळीकडे ६०, ही मोठ्या आयटी कंपन्यांच्या फ्रेशर भरतीत कडक असते कारण तिथे सॉफ्टवेअरच अर्ज गाळतं. दोन-तीन वर्षं अनुभव झाला की ती बऱ्याच ठिकाणी गळून पडते. आणि इंजिनिअरिंगची डिग्री नको म्हणणाऱ्या वाटाही आहेत, एचसीएलचा टेकबी बारावीनंतरचा, विप्रोचा बीसीए-बीएस्सीवाल्यांसाठीचा काम करता करता शिकायचा प्रोग्रॅम. इंजिनिअरिंग नाही म्हणून आयटी संपलं असं नाही.

कागद नाही तर काम दाखवा

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे. तुमच्याकडे एमकॉम नाही, मग समोरच्याला तुमच्यावर विश्वास कशाने बसेल? "मी मेहनती आहे, लवकर शिकतो" याने नाही, ते सगळेच लिहितात. एक छोटं पण खरं काम करून दाखवलं तर बसेल.

अकाउंट्सवाल्यांसाठी सगळ्यात सोपं म्हणजे टू-बीचं रिकन्सिलिएशन, म्हणजे सप्लायरने दाखवलेल्या बिलांवरून जीएसटी पोर्टलवर बनणारी जीएसटीआर-टू-बी ही यादी आपल्या खरेदीच्या नोंदींशी जुळवणं. कंपनीला याची एवढी काळजी का, तर १ जानेवारी २०२२ पासून सप्लायरने आपल्या रिटर्नमध्ये बिल दाखवलं नसेल आणि ते टू-बीत आलं नसेल तर त्याचं इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट) घेता येत नाही. म्हणजे सरळ पैसे अडकतात. टू-बी १४ तारखेला येतं, थ्री-बी (महिन्याचं जीएसटी रिटर्न) २० तारखेपर्यंत भरायचं, मधले पाच-सहा दिवस अकाउंट्समध्ये जी धावपळ असते ती कमी करणारा माणूस कोणालाही हवाच असतो, मग तो बीकॉम असो नाहीतर बीए.

तर काय करायचं. एक्सेलमध्ये खोट्या नावांची पन्नास-साठ बिलं बनवा. एका शीटवर टॅलीतून काढल्यासारखं पर्चेस रजिस्टर, दुसऱ्यावर टू-बीसारखा डेटा. मुद्दाम गडबडी घाला, कारण खऱ्या आयुष्यात त्या असतातच. आपल्या बुकात बिल नंबर "००१२/२४-२५" असतो आणि सप्लायरने रिटर्नमध्ये नुसतं "१२" टाकलेलं असतं, की व्हीलुकअप (एक्सेलचा जुळवाजुळवीचा फॉर्म्युला) तिथेच आपटतो. एखादं बिल रुपयाच्या राउंडऑफने वेगळं. एखाद्याने मार्चचं बिल एप्रिलमध्ये दाखवलेलं. एकाने चुकून दुसऱ्याच जीएसटी नंबरवर टाकलेलं. आता नंबरावर न जुळणारी बिलं जीएसटी नंबर आणि टॅक्सेबल रक्कम जोडून जुळवा, एक रुपयापर्यंतचा फरक चालवून घ्या, आणि शेवटी तिसरी शीट काढा ज्यात चार गट असतील: जुळलेली, रक्कम वेगळी असलेली, फक्त बुकात असलेली, फक्त टू-बीत असलेली. "फक्त बुकात" वाल्या पार्ट्यांना पाठवायचा दोन ओळींचा मेलही तयार ठेवा.

एवढं करायला एक रविवार पुरतो. पण मुलाखतीला लॅपटॉप उघडून हे दाखवलं की समोरचा अकाउंट्स मॅनेजर सरसावून बसतो, कारण त्याचं रोजचं दुखणं तुम्ही ओळखलेलं असतं. एक मात्र कटाक्षाने पाळा, जुन्या कंपनीचा खरा डेटा वापरायचा नाही, पार्टीची नावं पुसूनसुद्धा नाही. जो तिथला डेटा इथे आणतो तो उद्या इथला दुसरीकडे नेईल, असाच विचार होतो आणि बरोबरच आहे.

बाकी क्षेत्रांत हेच, फक्त वस्तू वेगळी. क्वालिटीत बीई मागितलंय आणि तुम्ही डिप्लोमा मेकॅनिकल, तर एका साध्या पार्टचं कंट्रोल प्लॅन (कुठे काय तपासायचं त्याचा तक्ता) आणि एखाद्या रिजेक्शनचं एट-डी (चूक का झाली आणि परत होऊ नये म्हणून काय करायचं, याचा आठ टप्प्यांचा रिपोर्ट) करून ठेवा. ग्राफिक डिझाइनला पोर्टफोलिओ. टेस्टिंगला एखाद्या सगळ्यांना खुल्या असलेल्या वेबसाइटचे नीट लिहिलेले बग रिपोर्ट. कंटेंट रायटिंगला तीन लेख, तीसच्या भानगडीत पडू नका.

रेझ्युमे

पहिल्या पानाचा वरचा तिसरा हिस्सा काय तो वाचला जातो. तिथे फोटो, वडिलांचं नाव, जन्मतारीख, वैवाहिक स्थिती आणि "टू वर्क इन अ चॅलेंजिंग एन्व्हायर्नमेंट" टाकून जागा घालवू नका. तिथे चार ओळींत तुमचं काम यायला पाहिजे: किती वर्षं, कुठल्या प्रकारच्या फर्ममध्ये, महिन्याला साधारण किती बिलं, कुठली रिटर्न्स, कुठलं सॉफ्टवेअर. आकडे घाला पण खरे घाला, "महिन्याला ४०० पर्चेस बिलं" म्हटलं की मी पुढचा प्रश्न त्यावरच विचारणार.

शिक्षण अनुभवाच्या खाली ठेवा. लपवू नका, ताकाला जाऊन भांडं लपवायची काही गरज नाही, बीकॉम आहे तर बीकॉम, वर्ष आणि विद्यापीठासकट. "एमकॉम पर्स्युइंग" हे प्रवेश खरोखर घेतला असेल तरच.

जाहिरातीतले शब्द जसेच्या तसे वापरा. त्यांनी "टॅली प्राइम" लिहिलंय तर तुम्ही "अकाउंटिंग सॉफ्टवेअर" लिहू नका, कारण नोकरी डॉट कॉमवर रिक्रूटर शब्द टाकून शोधतो, त्याला हवा तो शब्द तुमच्यात नसेल तर तुम्ही त्याला दिसतच नाही.

पोर्टल सोडून बाकी दारं

आणि इथेच मेख आहे. पोर्टलवर रिक्रूटर पीजीचा फिल्टर लावतो, एमकॉम-एमबीए टिक करतो, आणि तुमचा रेझ्युमे कितीही चांगला असला तरी यादीत येत नाही. माणसाने नाकारलेलंच नाही, माणसापर्यंत पोचलाच नाही. अर्ज करताना "तुमच्याकडे एमकॉम आहे का" असा हो-नाहीचा प्रश्न आला तर नाहीच लिहा, हो लिहून आत गेलात तर पहिल्या फोनवर बाहेर पडाल आणि वर नाव खराब. पण एकट्या पोर्टलवर विसंबू नका.

अकाउंट्ससाठी सगळ्यात चांगलं दार म्हणजे सीएचं ऑफिस. छोट्या-मध्यम कारखान्यांचे मालक अकाउंटंट हवा असला की आधी आपल्या सीएलाच सांगतात, जाहिरात नंतर. तुमच्या भागातल्या चार-पाच सीएंकडे जाऊन रेझ्युमे द्या, रिटर्नच्या तारखा सोडून जा, २० तारखेच्या आसपास गेलात तर कोणी बघणारही नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये ऑडिटच्या गडबडीत तर नकोच.

दुसरं, एमआयडीसीतल्या छोट्या कंपन्या. भोसरी, वाळूज, सातपूर-अंबड, गोकुळ शिरगाव, बुटीबोरी, कुठेही जा, गेटवर "पाहिजेत" चे बोर्ड अजून लागतात. पन्नास-शंभर माणसांच्या कंपनीत एचआर म्हणजे बहुतेक वेळा एकच माणूस, आणि निर्णय मालक किंवा अकाउंट्स हेडचा. तिथे डिग्रीची अट एका फोनवर सैल होते. मोठ्या कंपनीत ती सैल करायला त्या एचआरला वर परवानगी मागावी लागते, तो कशाला तुमच्यासाठी मागेल, जोपर्यंत आतला माणूस म्हणत नाही की "याला बघा".

म्हणून तिसरं दार रेफरन्स. ओळख म्हणजे मामा-काकाच असायला हवा असं नाही. जुन्या नोकरीतला सप्लायरचा माणूस, ट्रान्सपोर्टवाला, सॉफ्टवेअर बसवायला येणारा टॅलीवाला, ही मंडळी वीस कंपन्यांत फिरतात, कोण कुठे सोडून चाललंय त्यांना आधी कळतं.

आणि कन्सल्टन्सी. चांगल्या कन्सल्टन्सीला पैसे कंपनी देते. तुमच्याकडे रजिस्ट्रेशन, ट्रेनिंग, युनिफॉर्म, लॅपटॉप डिपॉझिट या नावाखाली पैसे मागितले की उठून या.

मेल कसा लिहायचा

पाठवायचा इंग्रजीत, सोप्या इंग्रजीत, पण मजकूर कसा असावा ते इथे मराठीत देतो.

"नमस्कार मॅडम, भोसरीच्या अकाउंट्स एक्झिक्युटिव्ह जागेसाठी अर्ज करत आहे. मी गेली दोन वर्षं हार्डवेअर ट्रेडिंग फर्ममध्ये टॅली प्राइमवर पर्चेस, सेल्स, बँक आणि जीएसटीआर-१ व थ्री-बीचा डेटा तयार करण्याचं काम बघतो. टू-बीचं रिकन्सिलिएशन दर महिन्याला मी स्वतः करतो, नमुना म्हणून बनवलेली शीट सोबत जोडली आहे. आपण एमकॉम मागितलं आहे, माझं शिक्षण बीकॉम आहे. मॅन्युफॅक्चरिंगमधलं जॉबवर्क चलन आणि स्टॉकचं काम मला नवीन आहे, त्याची तयारी सुरू केली आहे. आपण छोटी टेस्ट घेतलीत तर मी देईन. नोटीस पिरियड ३० दिवस."

एवढंच. बघा, कमतरता एकदाच सांगितली, मधे सांगितली, आणि रडत सांगितली नाही. "माझ्याकडे जरी एमकॉम नसलं तरी कृपया एक संधी द्यावी" असे मेल रोज येतात आणि वाचून दया येते पण मुलाखतीला बोलावलं जात नाही. सुरुवातच नाही-नाहीने केली की वाचणारा पुढे जात नाही.

मेल पाठवल्यावर चार-पाच दिवसांनी एक फोन किंवा एक मेसेज. एकच. रोज सकाळी "गुड मॉर्निंग सर, एनी अपडेट" असं व्हॉट्सअॅप करणाऱ्यांचा नंबर एचआर कुठल्या नावाने सेव्ह करतात ते इथे लिहीत नाही.

फोन आला की

पहिला फोन बहुधा एचआरचा, पाच मिनिटांचा. तिथे हा प्रश्न येणारच:

"तुमचं एमकॉम नाहीये ना?"

"नाही मॅडम, बीकॉम आहे. पण जाहिरातीत जी कामं लिहिलीत त्यातलं जीएसटी, बँक आणि पार्टी लेजर मी रोज करतो. टीडीएसचं चलन ७ तारखेच्या आत भरायचं काम पण माझ्याकडेच आहे. जॉबवर्कचं मला शिकावं लागेल."

आणि थांबा. यापुढे बोलत राहिलात की घसरता. घरची परिस्थिती, एमकॉम का झालं नाही, वडिलांचं आजारपण, हे खरं असलं तरी तिथे नको, विचारलं तर एका वाक्यात.

मुलाखतीत अकाउंट्स हेड वेगळं बघतो. त्याला डिग्रीत फारसा रस नसतो, तो विचारतो, "क्रेडिट नोट आली, पण सप्लायरने रिटर्नमध्ये दाखवली नाही, काय कराल?" याचं उत्तर पाठ करून येत नाही, काम केलेल्यालाच येतं. माहीत नसेल तर "हे मी केलेलं नाही, पण आधी टू-बीत बघेन, मग पार्टीला मेल टाकेन आणि थ्री-बीच्या आधी सीएंना विचारेन" असं बोला. अंदाजपंचे ठोकून द्यायचं नाही.

टेस्ट स्वतःहून मागा. खरोखर, हा सगळ्यात चांगला डाव आहे. ज्याच्याकडे कागद आहे तो टेस्टला घाबरतो, ज्याच्याकडे काम आहे त्याला टेस्टच वर काढते. अर्धा-एक तासाची टेस्ट ठीक. आठवडाभर फुकट काम करून दाखवा म्हणाले तर नाही म्हणा.

पगार

डिग्री नाही म्हणून स्वतःहून कमी सांगू नका. "काहीही चालेल सर" म्हटलं की ते काहीहीच देतात. त्या जागेचा बाजारभाव दोन-तीन जणांना विचारून ठेवा. ते म्हणाले की क्वालिफिकेशन कमी आहे म्हणून इतकंच, तर मान्य करायला हरकत नाही, पण सहा महिन्यांनी प्रोबेशन संपल्यावर रिव्ह्यू होईल हे ऑफर लेटरमध्ये लिहून घ्या. तोंडी शब्दाला एचआर बदलला की कोणी विचारत नाही. आणि मूळ मार्कशीट-सर्टिफिकेट कंपनीत ठेवायला मागितली तर देऊ नका, ओरिजिनल दाखवायची आणि झेरॉक्स द्यायची.

खोटं कुठे पकडलं जातं

मित्राच्या फर्मचं अनुभवपत्र, "सर्टिफिकेट करून देतो" वाला एजंट, हे सल्ले देणारे गल्लोगल्ली आहेत. आता पीएफच्या यूएएन नंबरवर तुम्ही कुठल्या कंपनीत कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत होता ते सगळं दिसतं, मार्कशीट डिजिलॉकरवरून मागतात, बँक स्टेटमेंटमध्ये पगार दिसायला लागतो. मोठ्या कंपन्या तर बाहेरच्या एजन्सीकडून तपासून घेतात, आणि तो रिपोर्ट जॉइन झाल्यावर दोन-तीन महिन्यांनीही येतो. तेव्हा काढलं तर जुनी नोकरी पण गेलेली असते.

मग ते क्वालिफिकेशन करावं का?

सगळीकडून तोच नकार येत असेल तर करा. नोकरी सांभाळून एमकॉम, एमए, बीए वगैरे करायला नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे, इग्नू आहे. प्रवेशाआधी तो कोर्स त्या वर्षासाठी यूजीसीच्या दूरशिक्षण यादीत आहे का ते बघा. इंजिनिअरिंग पत्रद्वारे करून देतो म्हणणाऱ्यांच्या नादी लागू नका, २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने मान्यता न घेता पत्रद्वारे दिलेल्या अशा पदव्यांचा निकाल लावलेला आहे. डिप्लोमावाल्यांना थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो तो रस्ता सरळ आहे.

छोट्या सर्टिफिकेटांचं म्हणाल तर एक ना धड भाराभर चिंध्या होऊ देऊ नका. पाच नकारांपैकी चारात एक्सेल आडवं आलं असेल तर एक्सेल करा, आणि तेवढंच करा. एसएपीच्या क्लासला पन्नास हजार घालण्याआधी एवढंच बघा की तुम्हाला ज्या कंपन्यांत जायचंय त्यांच्यात एसएपी आहे का. भोसरीच्या बहुतेक छोट्या कारखान्यांत टॅलीच आहे.

नकार आला तर एक मेल टाका, दोन ओळींचा: वेळ दिल्याबद्दल धन्यवाद, आणि कुठे कमी पडलो ते सांगितलंत तर बरं होईल. दहातला एखादाच उत्तर देतो, पण तो जे सांगतो ते क्लासवाल्यांपेक्षा खरं असतं. आणि त्या कंपनीचं नाव यादीत ठेवा. घेतलेला एमकॉमवाला दोन-तीन महिन्यांत सोडून जातो असं बऱ्याचदा होतं, तेव्हा एचआर परत सगळी जाहिरात-मुलाखत करण्याऐवजी आधी दुसऱ्या नंबरवरच्या माणसाला फोन लावते, म्हणून नंबर बदलू नका आणि बदललाच तर त्यांना कळवा.